१४ जानेवारीच्या चौकटीत काय रंगवायचं?

दिवाकंदील

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण त्यावरून आमच्या वाचनालयाची कमिटी फुटायची वेळ आली आहे, म्हणून हा धागा.

आमच्या गावच्या वाचनालयाच्या दारात दिनविशेषाचा फळा आहे. बारा वर्षं रोज सकाळी तो मीच लिहितो. आता स्टुलावर चढणं गुडघ्यांना झेपत नाही. शिवाय पावसाळ्यात झड आत आली की दुपारपर्यंत टिळकांचे नुसते 'टि' उरतात. मुंबईला असलेल्या एका गावकऱ्यानं देणगी दिली आणि ठरलं की पत्र्याचे बारा मोठे फळे करायचे, महिन्याला एक, सगळं ऑइलपेंटमध्ये. तारखेला एक चौकट. चौकटीत तीन ओळी बसतात, दाबून लिहिलं तर चार.

जानेवारीला हात घातला. ३ तारखेला सावित्रीबाईंची जयंती (१८३१), एका दमात झालं. ६ ला बाळशास्त्रींचं 'दर्पण' (१८३२), म्हणून पत्रकार दिन. १२ ला जिजाऊ आणि विवेकानंद, दोघं गुण्यागोविंदानं मावले. १४ ला पेंटर ब्रश धरून बसला आणि आमचं भांडण सुरू झालं. माझी वही म्हणते:

मकरसंक्रांत. पानिपतची तिसरी लढाई, १७६१. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार दिन, १९९४. चिंतामणराव देशमुख जयंती, १८९६. र. धों. कर्वे जयंती, १८८२. दुर्गा खोटे जयंती, १९०५. भूगोल दिन. माजी सैनिक दिन. मराठी भाषा संवर्धन पंधरवडा सुरू.

नऊ झाले. चौकट तेवढीच. पेंटर अक्षराला पैसे घेतो, आणि 'संक्रांत'मधलं 'क्रां' एक धरायचं की दीड, यावर त्याचं नि खजिनदारांचं अजून ठरायचंय. सांगा, काय ठेवू?

वालपापडी

काका, यात विचारण्यासारखं काय आहे? संक्रांत. पहिल्या ओळीत, मोठ्या अक्षरात. बाकीचं खाली बारीक.

गावातल्या बायका त्या फळ्यावर तेवढी एकच ओळ वाचणार. आमच्याकडे आदल्या दिवशी, म्हणजे भोगीला, पहाटेपासून पाट्यावर तिळाचा कूट. घेवडा, सोलाणे, गाजर, वांगं, पावटा, चार बोरं, सगळं एका कढईत, आणि तीळ थापलेली बाजरीची भाकरी. 'न खाई भोगी तो सदा रोगी' म्हणत सासूबाई पानात तिसरी भाकरी टाकायच्या. दुसऱ्या दिवशी सुगडं. त्या काळ्या बोळक्यांना हळदीकुंकवाची बोटं ओढली की हात दिवसभर पिवळे. ते सगळं सोडून तुम्ही लढाई लिहिणार?

तिरकस_रेघ

नऊ गोष्टी आणि तीन ओळी. हा सरकारी पंधरवडा आधी काढा. तो दरवर्षी १४ ला सुरू होतो आणि २८ ला संपतो, मधल्या काळात कार्यालयांत निबंधस्पर्धा होतात आणि त्यांचे निकाल अशुद्ध मराठीत लागतात.

(हलके घ्या.)

गड्डेकर_सोलापूर

संक्रांत म्हणजे फक्त तिळगूळ, असं समजणाऱ्यांनी एकदा सोलापुरात या. आमच्याकडे सिद्धरामेश्वरांची यात्रा असते, आम्ही गड्डा म्हणतो.

गोष्ट अशी की एका कुंभारकन्येनं बाराव्या शतकातल्या या शिवयोग्याशी लग्न करायचा हट्ट धरला. ते म्हणाले, मी लग्न करू शकत नाही, माझ्या योगदंडाशी कर. ते लग्न आम्ही दरवर्षी लावतो. पहिल्या दिवशी मानाचे सात नंदीध्वज शहराभोवतीच्या ६८ लिंगांना तेल घालायला निघतात. भोगीला तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता. संक्रांतीला होम. मग शोभेचं दारूकाम, शेवटी कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रं उतरवणं.

नंदीध्वज पेलणाऱ्यांना जवळून बघा. पांढरी बाराबंदी, कमरेला पट्टा, काठीचं बूड त्या पट्ट्यात रोवलेलं. काठी डोलायला लागली की पेलणारा मान वर करून तिच्या शेंड्याकडे बघत चालतो, पायाखाली नाही. अक्षतांच्या वेळी 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' सुरू झालं की पुढचा माणूस पाठमोरा असला तरी त्याच्या टोपीवर तांदूळ पडतात. घरी आलं की शर्टाच्या खिशात, बुटात, सगळीकडे तांदूळ.

तर काका, सिद्धेश्वर यात्रा दहावी ओळ. :)

खगोलखोड

धागाकर्ते, रंग वाळायच्या आत थांबा. १४ च्या चौकटीत संक्रांत ऑइलपेंटनं लिहू नका.

पंचांगातली संक्रांत म्हणजे सूर्याचा निरयन मकर राशीत प्रवेश. म्हणजे मोजमाप ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर. ते वर्ष ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटांचं. भिंतीवरचं कॅलेंडर चालतं ऋतूंवर, आणि लीप वर्षं धरून त्याची सरासरी ३६५ दिवस ५ तास ४९ मिनिटांची. यातून दोन गोष्टी होतात.

पहिली दर वर्षाची. संक्रांतीचा क्षण दर साली साधारण सहा तासांनी पुढे सरकतो आणि लीप वर्ष आलं की एक दिवस मागे येतो. म्हणून सध्या दोन वर्षं १४ ला, दोन वर्षं १५ ला असा खेळ चालतो. २०२५ आणि २०२६ ला १४, पण २०२४ ला १५ होती आणि २०२७ लाही १५ आहे.

दुसरी हळूहळू होणारी. वीस मिनिटांचा फरक साठत साठत ७२ वर्षांत एक दिवस होतो. हे शतक संपेपर्यंत संक्रांत १४ ला यायचीच बंद झालेली असेल. तुमच्या वहीतल्या बाकी सगळ्या गोष्टी १४ जानेवारीच्या हक्काच्या आहेत. फक्त संक्रांत तिथे भाड्यानं राहते.

आणि हो, खरं उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू होतं. त्यावर वेगळा धागा काढतो.

वालपापडी

नका काढू.

आणि खगोलखोड, भाड्यानं राहणारीच घर नीट ठेवते कधीकधी. पण मुद्दा पटला. मागे दोन वर्षं १५ ला आली तेव्हा आमच्याकडे वाणवाल्याकडून सामान आणताना घोळ झालाच होता.

जुनेबाड

मी इतिहास शिकवून निवृत्त झालो. खगोलखोड यांच्या हिशेबाला माझ्याकडची पुस्ती जोडतो, कारण यात एक मोठा गैरसमज अडकलेला आहे.

'पानिपतवर संक्रांतीच्या दिवशी संक्रांत कोसळली' हे वाक्य मी स्वतः वर्गात पंचवीस वर्षं सांगितलं. मुलं गप्प व्हायची, मलाही बरं वाटायचं. वाक्य चुकीचं आहे. लढाई झाली ती १४ जानेवारी १७६१, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. आज १४ ला संक्रांत असते, म्हणून आपण ती तेव्हाही होती असं धरतो. पण ७२ वर्षांना एक दिवस या हिशेबानं मागे गेलात तर १७६१ ची संक्रांत त्याच्या चारेक दिवस आधीच होऊन गेलेली होती. भाऊसाहेबांची फौज उपाशीपोटी बाहेर पडली तेव्हा सण उलटून गेला होता.

ताळा करायचा तर दोन खुणा देतो. विवेकानंद जन्मले ते १२ जानेवारी १८६३ ला, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. आणखी मागे जा. दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले ते १० जानेवारी १७६० ला. तो दिवस मात्र खरोखर संक्रांतीचा होता. माझा कयास असा की लोकांच्या आठवणीत दोन वर्षं एकमेकांत मिसळली. संक्रांत दत्ताजींची, ती जाऊन चिकटली पानिपतला.

दिवाकंदील, पानिपत चौकटीत ठेवा. पण संक्रांतीच्या शेजारी नको. शेजारी लिहिलंत की पुढची पिढी पुन्हा तेच वाक्य म्हणणार.

खगोलखोड

गुरुजी, दंडवत. आकडेमोड करून पाहिली. १७६० ला १० तारीख बरोबर येते, १७६१ ला ९-१० च्या सीमेवर. दत्ताजींचं मला सुचलंच नव्हतं.

लांबचा_पाहुणा

नोकरीनिमित्त दोन वर्षं हरियाणात होतो. पानिपत शहराबाहेर काला आंब म्हणून जागा आहे, तिथे स्मारक आहे. एकदा मुद्दाम १४ जानेवारीला गेलो. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. मला वाटलं चार मराठी टाळकी असतील. तर तिथे रोड समाजाची माणसं ट्रॅक्टर घेऊन, भगवे फेटे बांधून आलेली. आम्ही पानिपतात मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज आहोत, असं ते सांगतात. एका म्हाताऱ्यानं माझं गाव विचारलं. सातारा म्हटल्यावर त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्याला मराठी येत नव्हतं, माझी हिंदी तुम्हाला ठाऊक आहे.

आपण मोत्ये गळाली, मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असं म्हणतो. त्या खुर्द्यातलं कुणी समोर उभं आहे असं वाटलं. इतिहास म्हणून ते कितपत टिकतं ते जुनेबाड सांगतील. मी फक्त त्या हाताचं सांगतोय.

दिवाकंदील

वाचतोय सगळं. एक खरी गोष्ट मी वर लिहिली नव्हती, आता लिहितो. कमिटी फुटायची वेळ आली ती संक्रांतीवरून नाही. एक सदस्य म्हणाले, "नामविस्तार दिन राहू द्या, उगाच वाद." बाकीच्यांनी खाली बघून चहा घेतला. मीही घेतला. तेव्हापासून ते मनात आहे.

निळी_पायवाट

दिवाकंदील काका, तुम्ही ते लिहिलंत म्हणून उत्तर देते. नाहीतर धागा वाचून बंद करणार होते.

विद्यापीठ १९५८ चं. त्याला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत २७ जुलै १९७८ ला मंजूर झाला. त्यानंतर मराठवाड्यात घरं जळली, माणसं मारली गेली. पोचिराम कांबळे त्यातले. १९७९ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. आणि १४ जानेवारी १९९४ ला नाव बदललं नाही, वाढलं. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ'. म्हणून शब्द नामविस्तार. ठरावापासून फाटकावर नाव लागेपर्यंत साडेपंधरा वर्षं.

माझ्या घरात दोन्ही दिवस होते. आई आदल्या रात्री तीळ भाजायची. पहाटे बाबा मला उठवायचे, स्वेटरवर स्वेटर घालायचे आणि आम्ही विद्यापीठाच्या गेटवर जायचो. ट्रकमधून, एसटीतून, रात्रभर प्रवास करून आलेली माणसं. गेटला हात लावून तो हात कपाळाला लावणाऱ्या बाया. मला वाटायचं त्या गेट पुसतायत. पुस्तकांचे ठेले जमिनीवर मांडलेले, निळे झेंडे, चहा. बाबा दरवर्षी एक पुस्तक घ्यायचे, पाच-दहा रुपयांचं. मग आईनं दिलेला डबा उघडून ओळखीच्या-अनोळखीच्या हातावर तिळाचे लाडू ठेवायचे. 'गोड बोला' म्हणायचे नाहीत, नुसते द्यायचे. वाद होतील म्हणून तारीख गाळायची, तर आमच्या डब्यातले लाडूही गाळावे लागतील.

वालपापडी

ताई, मी वर 'बाकीचं खाली बारीक' लिहिलं होतं. ते मागे घेते.

जुनेबाड

नामविस्तार चौकटीत हवाच. वर्षासकट. यात मत मागण्यासारखं काही नाही, ती घटना त्या तारखेला घडलेली आहे.

आसारीवाला_येवला

मी उशिरा आलो, छपरावर होतो. येवल्यात १३, १४, १५ असे तीन दिवस दुकानं अर्धी बंद आणि छपरं पूर्ण भरलेली. आमच्याकडे हातात फिरकी नसते, आसारी असते, लाकडी, सहा-आठ पात्यांची, मांडीवर ठेवून गरगर फिरवायची. पतंगाला ओळ लागत नाही, तुमच्या फळ्यावर जागा मागत नाही. फक्त तळाशी 'नायलॉन मांजा वापरू नका' एवढं लिहिता आलं तर बघा. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत एका पोराच्या गळ्याला नऊ टाके पडले.

तिरकस_रेघ

आता जयंत्यांकडे वळू या का? तिथे एक गंमत आहे. भूगोल दिन हा भूगोलाचे अभ्यासक प्रा. चं. धुं. देशपांडे यांच्या जन्मदिवशी असतो. आणि त्याच तारखेला चिं. द्वा. देशमुख. दोघेही इंग्रजीत सी. डी. एका शाळेत भूगोल दिनाला रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या फोटोला हार घातलेला मी स्वतः पाहिला आहे. मुलांनी नकाशे काढले होते, फोटोतले गृहस्थ शांतपणे बघत होते.

लांबचा_पाहुणा

=)) =))

पण देशमुखांना हलक्यात काढू नका. जन्म रायगडाच्या वाटेवरचं नाते गाव, महाडजवळ. आयसीएसला पहिले, १९४३ ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री. आणि १९५६ ला मुंबईच्या प्रश्नावर ते मंत्रिपद सोडून मोकळे झाले. या एका राजीनाम्यावर एक ओळ द्यावी असं माझं मत.

खगोलखोड

आणि र. धों.? १९२१ ला संततिनियमनाचं केंद्र काढणारा माणूस, १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक पदरमोड करून चालवलं, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. वाचनालयाच्या दारात त्यांचं नाव नसेल तर कुणाचं असावं?

वालपापडी

कर्व्यांचं नाव आणि सुगडं एका चौकटीत! आमच्या सासूबाई असत्या तर फळ्यासमोरून पदर घेऊन गेल्या असत्या. लिहाच.

परदेशी_बोर

न्यू जर्सीहून. आमच्याकडे संक्रांत १४ लाही नसते, १५ लाही नसते. मंडळाला शाळेचा हॉल ज्या शनिवारी मिळेल त्या दिवशी असते. एकदा ती २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला जोडून केली. हलव्याचे दागिने घातलेलं बाळ, शेजारी तिरंगा, बाहेर फूटभर बर्फ. काळी साडी मात्र इथे फार सोयीची, ओव्हरकोटखाली शोभते. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, या एका नियमावर आमचा सगळा कारभार उभा आहे.

हलवा मी घरी करून पाहिला एकदा. परातीत तीळ, मंद आच, पाक थेंबथेंब सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. तीन तासांनी काटा आला, पण बोटांना.

दिवाकंदील

मंडळी, झालं. काल पेंटर येऊन गेला. काय ठरलं ते सांगतो.

चौकटीतून संक्रांत काढली. तिच्यासाठी जानेवारीच्या फळ्यावर १४ आणि १५ च्या मधोमध एक वीतभर काळी पट्टी सोडली आहे, खडूची. ज्या साली ज्या बाजूला असेल तिकडे बाण काढायचा. स्टुलाशिवाय हात पोहोचतो. बायकांची तक्रार आली नाही, उलट पट्टी काळी आहे म्हणून आवडली. सोलापूरकर, यात्राही त्याच पट्टीवर. मांज्याची सूचना फळ्याच्या पायाशी, स्वतंत्र पाटीवर.

नामविस्ताराचं मी कमिटीत पुन्हा काढलं. या धाग्यावरचा गेटचा मजकूर वाचून दाखवला, नाव न घेता. ज्यांनी 'उगाच वाद' म्हटलं होतं ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, वर्ष नीट लिहा, १९९४. बस, एवढंच.

माजी सैनिक दिनासाठी गावचे सुभेदार अडून बसतील असं वाटलं होतं. जनरल करिअप्पा १९५३ ला याच दिवशी निवृत्त झाले, ही माहिती त्यांनीच दिली होती. ते म्हणाले, आम्हाला १५ ला द्या, सेना दिनाला, तिथे जागा मोकळी आहे. दुर्गाबाई, भूगोल दिन आणि पंधरवडा वहीत राहिले. वाईट वाटतं, पण पत्रा वाढत नाही.

तर चौकटीत चार ओळी:
१७६१ पानिपतचे तिसरे युद्ध
१८८२ र. धों. कर्वे जन्म
१८९६ चिं. द्वा. देशमुख जन्म
१९९४ मराठवाडा विद्यापीठ नामविस्तार

फोटो चढवतोय.

तिरकस_रेघ

फोटो मोठा करून पाहिला. काका, पेंटरनं 'युध्द' लिहिलंय. 'द'ला 'ध' जोडायचा असतो, त्यानं 'ध'ला 'द' जोडलाय. आणि तेही मराठी भाषा पंधरवडा जिथून सुरू होतो त्या चौकटीत.

दिवाकंदील

पाहिलं. सकाळी त्याला म्हटलं, तर म्हणाला, "गुरुजी, दोन्ही अक्षरं दिलीत ना? पैसे तेवढेच लागतात." रंग वाळलाय. टर्पेंटाइन आणायला मुलगा विट्याला गेलाय.